शंभर व्होल्टची यंत्रं

जपानमध्ये ‘हार्ड-ऑफ’ नावाची जुन्या सामानाची दुकानसाखळी आहे. तिच्या शाखांमध्ये एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या टोपल्या मांडलेल्या असतात आणि वर ‘जंक’ अशी पाटी असते. चालेल की नाही याची हमी नसलेला माल तिथे ठेवतात. पिवळट पडलेले सुपर फॅमिकॉम, बिनझाकणाचे मेगा ड्राइव्ह, एकमेकांत गुंतलेल्या वायरींचा ढीग. नोकरीनिमित्त जपानात राहिलेली आपली मंडळी परत येताना यातलं काहीबाही घेऊन येतात, काही जण तिथल्या लिलावांतून मागवतात. यंत्र घरी पोचतं, आणि मग प्रश्न पडतो की याला वीज कोणती द्यायची, टीव्हीला ते कसं जोडायचं आणि त्यात घालायचं काय. हे पुस्तक त्या प्रश्नांसाठी लिहिलं आहे.

पुस्तकात पाच यंत्रं आहेत: फॅमिकॉम (१९८३), पीसी इंजिन (१९८७), मेगा ड्राइव्ह (१९८८), सुपर फॅमिकॉम (१९९०) आणि सॅटर्न (१९९४). पाचही जपानी घरांसाठी, जपानी वीज आणि जपानी टीव्ही गृहीत धरून बनलेली. त्यांच्या जोडीची उपकरणं आणि फ्लॅश कार्ट्रिज हा पुस्तकाचा मुख्य विषय असला, तरी फ्लॅश कार्ट्रिजचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. माझा आग्रह एकच आहे. फ्लॅश कार्ट्रिज जळलं तर दुसरं विकत मिळतं. १९९० साली क्योतोच्या निन्टेंडो कंपनीने बनवलेला सुपर फॅमिकॉम आता कुणी बनवत नाही. त्यामुळे कोणतीही जोडणी करताना आधी यंत्राचं हित पाहायचं, सोय आणि पैशांचा हिशेब नंतर.

फ्लॅश कार्ट्रिज म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. जुन्या कॅसेटमध्ये गेम साठवलेली रॉम चिप असे, आणि बऱ्याच कॅसेटमध्ये तिच्या सोबतीला मॅपर नावाची चिप असे. यंत्राला एका वेळी दिसू शकेल त्याहून मोठा गेम भागाभागाने समोर आणायचं काम मॅपर करी. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये गेम एसडी कार्डावर फाइलच्या रूपात असतो. निवडला की तो कार्ट्रिजमधल्या वेगवान मेमरीत चढतो, आणि एफपीजीए नावाची, आतली रचना हवी तशी बदलता येणारी चिप त्या त्या कॅसेटच्या मॅपरचं काम करू लागते. यंत्राला खाचेत नेहमीची कॅसेट बसल्यासारखंच वाटतं. गेम चालतो तो मूळ प्रोसेसरवर, आवाज येतो तो मूळ ध्वनिचिपमधून. संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये आणि यात हाच फरक आहे, आणि जुनं यंत्र जपून ठेवण्याला त्यामुळेच अर्थ आहे.

फ्लॅश कार्ट्रिज ही चाच्यांची कल्पना, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. निन्टेंडोने १९८६ साली फॅमिकॉम डिस्क सिस्टम काढली, तेव्हा जपानी दुकानांत डिस्क रायटर नावाची यंत्रं उभी केली होती. ५०० येन भरले की आपल्याच डिस्ककार्डावरचा जुना गेम पुसून नवा लिहून मिळे, आणि ही सेवा २००३ पर्यंत चालू होती. पुढे १९९७ साली लॉसन या दुकानसाखळीत ‘निन्टेंडो पॉवर’ आलं. गिऱ्हाईक ३२ मेगाबिटची, आठ कप्प्यांची कोरी फ्लॅश कॅसेट घेई आणि दुकानातल्या यंत्रावर तीत सुपर फॅमिकॉमचे गेम भरून घेई. ही सेवा २००७ साली बंद झाली. म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कॅसेट बनवणाऱ्यांनीच अधिकृतपणे विकली होती. त्याच काळात हाँगकाँग आणि तैवानमध्ये फ्लॉपीवर गेमची नक्कल उतरवणारी उपकरणं विकली जात होती, आणि २००९ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने निन्टेंडो डीएससाठीच्या आर-फोर या फ्लॅश कार्डांच्या विक्रीला मनाई केली, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवायला हव्यात.

आता विजेकडे येतो, कारण यंत्रं मरतात ती तिथे.

फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमला चालणारा निन्टेंडोचा अडॅप्टर १०० व्होल्ट एसी घेतो आणि १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर डीसी देतो. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. जपानी प्लगच्या दोन चपट्या पिना आपल्याकडच्या युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्डात सहज बसतात, आणि घात तिथेच होतो. आत साधा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे दुपटीहून जास्त व्होल्टेज आत गेलं की दुपटीहून जास्तच बाहेर येतं. अडॅप्टर तापून जळतो आणि कधी कधी यंत्रालाही सोबत घेऊन जातो.

यावर दोन मार्ग आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो. अमेरिकी सामानासाठी ११० व्होल्टचे सर्रास असतात. आपल्याला १०० व्होल्टचा हवा, तो तसा सांगून मागायचा, नसेल तर बनवून घ्यायचा. दुसरा मार्ग म्हणजे मूळ अडॅप्टर बाजूला ठेवून २३० व्होल्टवर चालणारा, ९ व्होल्ट डीसीचा चांगला रेग्युलेटेड अडॅप्टर वापरायचा. मात्र त्यात एक अडचण आहे. या यंत्रांच्या प्लगमध्ये मधला भाग ऋण आणि बाहेरचं कडं धन असतं. आपल्या बाजारातले राउटरचे आणि सेट-टॉप बॉक्सचे बहुतेक अडॅप्टर नेमके याच्या उलट, म्हणजे आत धन. प्लगचा आकार जुळतो, ध्रुव जुळत नाहीत. मेगा ड्राइव्हचा घोळ तर आणखी मोठा: पहिल्या मॉडेलला आत ऋण, दुसऱ्याला आत धन. युरोपातून आलेल्या निन्टेंडोच्या अडॅप्टरमधून तर ९ व्होल्ट एसी बाहेर पडतो. तो फॅमिकॉमला कधीही लावू नये.

म्हणून अडॅप्टरवरच्या चित्रावर विसंबू नका, मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक प्लगच्या मधल्या छिद्रात, काळं बाहेरच्या कड्याला. आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं तर मध्य ऋण आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मोजल्यावर अडॅप्टरला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर यंत्राचं नाव लिहून टाका, कारण मेगा ड्राइव्हला मेगा-सीडी आणि थर्टीटू-एक्स ही जोडयंत्रं लावली की तीन यंत्रांना तीन वेगळे अडॅप्टर लागतात आणि ते सगळे एकाच बोर्डाशी येऊन पडतात. सॅटर्नला बाहेरचा अडॅप्टर नाही, वीजपुरवठा पोटातच आहे, तोही १०० व्होल्टचा. त्याला स्टेप-डाऊनशिवाय भिंतीत खुपसू नये.

चित्राची गोष्ट विजेइतकी धोक्याची नाही, पण वेळ फार खाते. मूळ फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरीतून चित्र देतो, आणि ते जपानच्या पहिल्या-दुसऱ्या वाहिनीवर, म्हणजे ९१.२५ आणि ९७.२५ मेगाहर्ट्झवर. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ आहे. टीव्हीने चित्र कसंबसं पकडलं तरी आवाज जुळत नाही, कारण जपानी पद्धतीत आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपल्या पद्धतीत ५.५ वर. उपाय दोनच: एव्ही आउटपुट बसवून घेतलेला फॅमिकॉम, किंवा १९९३ चा एव्ही फॅमिकॉम. बाकीच्या यंत्रांतून आरजीबी चित्र काढता येतं, काहींतून थेट, पीसी इंजिनमधून थोडं काम करून. इथे वायर निवडताना सावध राहावं. जपानी २१ पिनी आरजीबी आणि युरोपी स्कार्ट हे प्लग दिसायला अगदी एक आहेत, पण आतली जोडणी वेगळी आहे. एकाची वायर दुसऱ्यात घालू नये. नव्या सपाट टीव्हींची आणखी एक तऱ्हा असते. ही यंत्रं २४० ओळींचं सलग चित्र पाठवतात आणि टीव्ही त्याला ४८० ओळींचं आलटून-पालटून येणारं चित्र समजतो. मग खेळाडूची लुकलुकणारी सावली गायब होते आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखं उपकरण मधे घातलं की हा गैरसमज दूर होतो.

आता जोडीची उपकरणं. पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण हेच आहे आणि लिहिताना सर्वांत जास्त आनंदही यानेच दिला.

फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर एक छोटा मायक्रोफोन आहे. ‘झेल्डा’ हा गेम डिस्क सिस्टमबरोबर १९८६ साली आला. त्यात लांब कानांचा एक शत्रू आहे, आणि मायक्रोफोनमध्ये फुंकर मारली किंवा ओरडलं की तो मरतो. अमेरिकी यंत्राच्या कंट्रोलरवर मायक्रोफोन नव्हता, तिथे ही युक्ती नाहीच. आज डिस्क सिस्टमच्या ड्राइव्हचे रबरी पट्टे बहुतेक ठिकाणी विरघळून गेले आहेत. फॅमिकॉमसाठी बनलेलं एव्हरड्राइव्ह एन-एट कार्ट्रिज डिस्कची फाइल थेट चालवतं, ड्राइव्ह लागतच नाही, आणि मूळ कंट्रोलरचा मायक्रोफोन मात्र तसाच चालतो. ओरडा, शत्रू मरतो. पण चांगल्या चित्रासाठी एव्ही फॅमिकॉम घेतला असेल तर ही गंमत गेली, कारण त्या मॉडेलच्या कंट्रोलरवर मायक्रोफोन नाही. कोणतं यंत्र घ्यायचं हे ठरवताना असे हिशेब करावे लागतात. माझं मत विचाराल तर मूळ यंत्र घ्यावं आणि त्यात एव्ही आउटपुट बसवून घ्यावं.

आवाजाचंही असंच. फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज एका पिनेने कॅसेटमध्ये जातो, तिथे कॅसेटचा स्वतःचा आवाज त्यात मिसळतो आणि दुसऱ्या पिनेने तो परत येतो. ‘अकुमाजो देन्सेत्सु’ (१९८९) या गेमच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी-सिक्स नावाची चिप होती, तिने आवाजाच्या आणखी तीन धारा दिल्या. अमेरिकेत हाच गेम ‘कॅसलव्हेनिया थ्री’ म्हणून आला तेव्हा ती चिप काढली गेली, कारण तिथल्या यंत्राच्या खाचेतून हा आवाजाचा मार्गच काढून टाकलेला होता. चांगलं फ्लॅश कार्ट्रिज त्या तीन धारा एफपीजीएमध्ये घडवतं. अमेरिकी यंत्रावर त्या ऐकायच्या तर खालच्या पोर्टात रेझिस्टर जोडावा लागतो. जपानी फॅमिकॉमवर काहीच करावं लागत नाही. आयात केलेलं यंत्र कशासाठी घ्यायचं असं कुणी विचारलं, तर मी हाच गेम लावून ऐकवतो.

सुपर फॅमिकॉमच्या खाचेत मधल्या ४६ पिना आहेत आणि दोन्ही टोकांना मिळून आणखी १६. साध्या गेमला मधल्या पिना पुरतात. ‘स्टार फॉक्स’मधली सुपर एफएक्स किंवा ‘सुपर मारिओ आरपीजी’मधली एसए-वन यांसारख्या जादा प्रोसेसर असलेल्या कॅसेटना टोकाच्या पिनाही लागतात. परदेशी कॅसेट बसवायच्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये त्या नसतात, म्हणून तोच गेम तिथे काळा पडदा दाखवतो आणि आपण यंत्राला दोष देत बसतो. एफएक्सपॅक प्रो, म्हणजे पूर्वीचं एसडीटूएसएनईएस, या चिपांचं कामही एफपीजीएत करतं आणि कोणत्या देशाचं यंत्र आहे ते ओळखून परदेशी कॅसेट अडवणाऱ्या कुलूप-चिपशी बोलतं. पीसी इंजिनची अडचण निराळी आहे. त्याची हू-कार्डं (म्हणजे त्याच्या कॅसेट) आणि त्याच्याच अमेरिकी आवृत्तीची, टर्बोग्राफिक्सची, कार्डं दिसायला सारखी, पण डेटाच्या आठ तारांचा क्रम उलटा. फ्लॅश कार्डात कोणतं यंत्र ते सांगायची सोय आहे की नाही, हे घेण्याआधी विचारून घ्यावं. मेगा ड्राइव्हवर देश तपासण्याचं काम गेम स्वतः करतो, यंत्रातल्या एका रजिस्टरमध्ये डोकावून. त्यामुळे नुसतं कार्ट्रिज बदलून तिथे भागत नाही, यंत्रात स्विच बसवावा लागतो. शिवाय पहिल्या जपानी मॉडेलमध्ये वीज सुरू करताना एक जीभ सरकून कॅसेटच्या खोबणीत बसते. कार्ट्रिजच्या कवचाला ती खोबण नसेल तर स्विच सरकतच नाही. जोर करू नये.

दुमजली जोडणीही असते. सुपर फॅमिकॉममध्ये गेमबॉयचे गेम चालवणारा सुपर गेमबॉय, आणि त्यात गेमबॉयचं फ्लॅश कार्ट्रिज. हे छान चालतं. फक्त सुपर गेमबॉय घड्याळ उसनं घेतो ते सुपर फॅमिकॉमचं, त्यामुळे सगळे गेम सुमारे २.४ टक्के जास्त वेगाने पळतात आणि संगीतही तेवढंच चढतं. १९९८ साली फक्त जपानात आलेल्या सुपर गेमबॉय टूमध्ये स्वतःचं स्फटिक आहे आणि दोन गेमबॉय जोडायची सोयही आहे. घ्यायचा तर तोच घ्या. प्रकाशबंदुका मात्र नव्या टीव्हीवर चालत नाहीत, कोणत्याही कार्ट्रिजने चालणार नाहीत. त्यांना जुन्या काचेच्या नळीचा पडदाच लागतो, कारण तो पडदा कोणत्या क्षणी उजळतो यावर त्यांचा नेम अवलंबून असतो. घरात तसा चालू टीव्ही असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

सॅटर्नला खाच एकच. सेव्हसाठी मेमरी कार्ट्रिज तिथेच, ‘एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर’साठी लागणारं चार मेगाबाइटचं रॅम कार्ट्रिजही तिथेच, परदेशी डिस्क चालवायचं कार्ट्रिजही तिथेच. तिन्ही कामं एकात करणारी कार्ट्रिजं त्यामुळेच निघाली. सॅटर्नची खाच वारंवार काढघाल केल्याने सैल होते, म्हणून एकच सर्वगुणी कार्ट्रिज लावून ते काढूच नये हा माझा सल्ला.

स्वस्त नकली फ्लॅश कार्ट्रिजांविरुद्ध मी या पुस्तकात सगळीकडे बोललो आहे. त्याचं कारण विजेचंच आहे. ही जुनी यंत्रं ५ व्होल्टवर बोलतात, आजच्या मेमरी चिपा ३.३ व्होल्टवर. मधे व्होल्टेज जुळवणाऱ्या चिपा हव्यात. पैसे वाचवायला त्या गाळल्या की कार्ट्रिज सुरुवातीला चालतं, पण त्याच्या चिपा आणि यंत्राच्या चिपा रोज एकमेकांवर भार टाकत राहतात. दुसरी खूण हाताला कळते: सुपर फॅमिकॉमच्या मूळ कॅसेटचं बोर्ड सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतं, नकली कार्ट्रिजचं बरेचदा १.६, आणि त्याच्या कडा तासलेल्या नसतात. असं बोर्ड खाचेतल्या पिना फाकवतं आणि मग जुन्या खऱ्या कॅसेट सैल बसू लागतात. ज्याने स्वस्तात घेतलं त्याचं यंत्र महागात जातं.

ज्यांच्याकडे लहानपणचा ‘टीव्ही गेम’ अजून माळ्यावर आहे, त्यांच्यासाठी एक छोटं प्रकरण आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत आलेली ती यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होती आणि त्या पिवळ्या कॅसेटना फॅमिकॉमसारख्याच ६० पिना होत्या. म्हणून फॅमिकॉमचं फ्लॅश कार्ट्रिज त्यांत बसतं आणि बरेचदा चालतंही. पण अनेक नकलांत ध्वनिलहरींचे दोन प्रकार आपसांत बदललेले असतात, त्यामुळे ओळखीचं संगीत वेगळंच ऐकू येतं, आणि आपल्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर जुळवलेल्या यंत्रांवर काही गेम अडखळतात. दोष कार्ट्रिजचा नसतो.

कायद्याबद्दल. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२(१)(एए)नुसार, संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला ती हरवू वा खराब होऊ नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणापुरती प्रत करता येते. दुसऱ्याची फाइल उतरवून घेणं यात बसत नाही. या पुस्तकात कुठूनही गेम उतरवायची वाट दाखवलेली नाही. स्वतःच्या कॅसेटमधून स्वतः फाइल काढायची रीत मात्र सविस्तर दिली आहे. त्यासाठी आर्डुइनोवर आधारलेला, मुक्त आराखड्याचा कार्ट रीडर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या भागांतून बनवता येतो. फ्लॅश कार्ट्रिज वापरताना एक सवय लावून घ्यावी. जुन्या बनावटीच्या कार्ट्रिजांत सेव्ह एसडी कार्डावर उतरते ती रिसेट दाबल्यावर; तसाच स्विच बंद केला तर ती जाऊ शकते. खेळ संपला की आधी रिसेट, मेन्यू दिसला की वीज बंद.

शेवटची विनंती जपानी कॅसेट जवळ असणाऱ्या सर्वांना. सेव्ह असलेल्या बहुतेक कॅसेटमध्ये नाण्याएवढा लिथियमचा सेल सोल्डर केलेला असतो. तो संपला की सेव्ह जाते, आणि नव्वदच्या सुरुवातीच्या कॅसेटचे सेल आता तीस वर्षांपुढे गेले आहेत. फ्लॅश कार्ट्रिज मागवण्याआधी हे काम करा. कॅसेट रीडरला लावा, गेमबरोबर सेव्हची फाइलही काढून दोन ठिकाणी ठेवा, मगच सेल बदला. तीच फाइल पुढे फ्लॅश कार्ट्रिजच्या कार्डावर ठेवली की खेळ थांबला होता तिथूनच सुरू होतो. सेल पूर्ण संपल्यावर ती फाइल कुठल्याच उपायाने परत मिळत नाही.